अर्धवट सुटलेली शाळा मोठेपणी पुन्हा धरताना

प्रौढांचा वर्ग सुरू करायचा म्हटले की पहिल्याच बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: "आता या वयात शिकून आमची मजुरी वाढणार आहे का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर खरे द्यायला हवे. पुष्कळ कार्यकर्ते उत्साहाच्या भरात "वाढणार की" असे सांगून मोकळे होतात. तीन महिन्यांनी खुरपणीचा रोज तेवढाच राहिलेला दिसतो आणि बायका वर्गाला येईनाशा होतात. माझ्या अनुभवाप्रमाणे वर्ग मोडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. शिक्षणाचा मिळकतीशी, कामधंद्याशी आणि घरातल्या मुलांच्या अभ्यासाशी संबंध निश्चित आहे, पण तो प्रत्येक पायरीवर वेगळा आहे. कोणत्या पायरीवर काय हाती लागते हे आधी समजून घेतले, तर कोणाला कोणत्या वाटेने न्यायचे हे ठरवता येते. आपल्या घरातल्या, शेजारच्या किंवा वस्तीतल्या मोठ्या माणसाला पुन्हा शिक्षणाकडे आणू पाहणाऱ्यांसाठी पुढील माहिती लिहिली आहे.

सुरुवात त्या व्यक्तीची पायरी ओळखण्यापासून करावी. जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षांवरील ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते ती साक्षर धरली जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती, पुरुषांत ८८.४ टक्के आणि स्त्रियांत ७५.९ टक्के. पण ही माहिती घरातल्या कोणी तरी एकाने सांगितलेली असते आणि प्रगणक ती लिहून घेतो, वाचून दाखवा असे कोणी म्हणत नाही. म्हणून "मी चौथी शिकले आहे" किंवा "मला सही येते" एवढ्यावर विसंबू नये. अंगठ्याऐवजी सही करणाऱ्या अनेक बायका ती सही चित्रासारखी गिरवत असतात. त्याच नावातले एक अक्षर वेगळ्या शब्दात दाखवले तर त्यांना ओळखता येत नाही.

त्यासाठी चाचणी घ्यावी, पण ती परीक्षेसारखी नसावी आणि चारचौघांत तर मुळीच नसावी. त्या बाईच्या घरी जावे, चहा घेता घेता मुलाची शाळेची डायरी, रेशन दुकानाची पावती किंवा विजेचे बिल हातात द्यावे आणि "मावशी, यात काय लिहिलंय बघा बरं" असे सहज विचारावे. अक्षरे ओळखता येतात का, ओळ वाचता येते का, वाचलेल्याचा अर्थ सांगता येतो का, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या नोंदवाव्यात. मग हिशेब विचारावा. इथे बहुतेकदा आश्चर्याचा धक्का बसतो. जिला क आणि फ यांतला फरक कळत नाही ती बाई सव्वादोन किलो वांग्यांचे पैसे तोंडी चोख सांगते. हे तिचे भांडवल आहे. पुढे शिकवताना त्यावरच उभे राहायचे आहे.

मिळकतीबद्दल काय सांगावे

शिक्षणाचा मिळकतीवर होणारा परिणाम मोजण्याचे काम अर्थतज्ज्ञांनी गेली पन्नास वर्षे केले आहे. जगभरच्या अशा अभ्यासांची सरासरी काढली, तर शाळेतल्या प्रत्येक जास्तीच्या वर्षामागे मिळकत सुमारे ९ टक्क्यांनी अधिक दिसते आणि स्त्रियांच्या बाबतीत हा फायदा पुरुषांपेक्षा थोडा जास्तच असतो. आकडा खरा आहे, पण तो बहुतांशी लहानपणी शिकलेल्या आणि नंतर नोकरी-धंद्याला लागलेल्या माणसांचा आहे. चाळिशीतल्या शेतमजूर बाईला तो जसाच्या तसा लावणे ही तिची फसवणूक ठरेल. शेतमजुरीचा रोज गावात ठरतो, तो वाचता येणाऱ्यालाही तेवढाच मिळतो आणि न येणाऱ्यालाही. बांधकामावरच्या बिगारी कामाचेही तसेच आहे.

असे असले तरी अक्षरओळखीचा मिळकतीशी काहीच संबंध नाही असे कोणी समजू नये. अक्षरओळखीने मजुरी वाढत नाही. मिळालेली मजुरी नीट मोजून घेता येते. ही गोष्ट ऊसतोड कामगारांच्या हिशेबात जितकी स्वच्छ दिसते तितकी इतरत्र क्वचितच दिसेल. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दरवर्षी टोळ्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि तोडलेल्या उसाच्या टनांतून ती फेडून घेतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली असे धरू. ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो आणि दिवसाला दोन टन पडत असतील, तर एकही खाडा न करता साधारण १३७ दिवस लागतात. हंगामातले बहुतेक दिवस यातच जातात.

आता हे टन कोण लिहितो? मुकादम लिहितो. वजनाची पावती गाडीवाल्याच्या हातात पडते, नोंद मुकादमाच्या वहीत होते, आणि हिशेब होतो तो हंगामाच्या शेवटी, घरी परतायची घाई असताना. कोयत्यातली निम्मी मेहनत बाईची असते, पण वहीत नाव बहुधा नवऱ्याचेच असते. आमच्या वर्गातल्या एका ताईने एका हंगामात रोज रात्री पालावर बसून फक्त दोन गोष्टी लिहिल्या, तारीख आणि टन. शब्द तिला फारसे जमत नव्हते, आकडे मात्र जमत होते. हंगाम संपल्यावर तिच्या वहीत आणि मुकादमाच्या वहीत अकरा टनांचा फरक निघाला. ३६६ रुपये दराने ते चार हजार सव्वीस रुपये होतात. भांडण झाले नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवून तारखा ताडून पाहिल्या आणि चार दिवसांची नोंद राहून गेली होती हे मुकादमाने मान्य केले. साक्षरतेचा मिळकतीशी संबंध काय, असे कोणी विचारले की मी त्या वहीबद्दल सांगतो.

म्हणून ज्याला अजिबात वाचता येत नाही त्याच्याशी बोलताना पगारवाढीचे आमिष दाखवू नये. त्याच्या रोजच्या व्यवहारात कागद कुठे कुठे येतो ते विचारावे. दूध घालणाऱ्यासाठी संकलन केंद्राची पावती असते, तिच्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि दर हे चार आकडे असतात आणि त्यावरून पैसे ठरतात. भाजी पाठवणाऱ्यासाठी आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, असते. बचत गटातल्या बाईसाठी कर्जाच्या हप्त्याची नोंद असते. वर्गाचा पहिला धडा तिथूनच काढावा.

नोकरीसाठी कोणता दाखला लागतो

नोकरीचे गणित वेगळे आहे. तिथे ज्ञानाइतकेच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, प्रमाणपत्राला महत्त्व असते आणि प्रमाणपत्राच्या पायऱ्या आठवी, दहावी आणि बारावी या आहेत. सातवीपर्यंत शिकलेल्या आणि पाचवी शिकलेल्या माणसात नोकरीच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. आठवी पूर्ण झाली की पडतो. आयटीआयचे वेल्डर, वायरमन यांसारखे काही व्यवसाय आठवी उत्तीर्णांना खुले आहेत, बाकीचे बहुतेक दहावीनंतर. केंद्र सरकारच्या बहुउद्देशीय कर्मचारी पदाला दहावी लागते. अंगणवाडी मदतनीस होण्यासाठी पूर्वी सातवी पुरत असे. २०२३ पासून महाराष्ट्रात सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी बारावी उत्तीर्ण ही अट आहे. याउलट, व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवीची अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. अटी अशा वर-खाली होत राहतात. त्यामुळे दाखल्यासाठी दोन-तीन वर्षे घालवण्यापूर्वी ज्या कामासाठी तो हवा आहे त्याची अलीकडची जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर निर्णय घेऊ नये. वयाची अटही त्याच जाहिरातीत पाहावी; अडतीस वर्षांच्या बाईने बारावी करून भरतीची कमाल वयोमर्यादा ओलांडलेली असावी, हे मी पाहिले आहे, आणि तिला ते आधी कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या देशात बेकारीचे प्रमाण अशिक्षितांपेक्षा पदवीधरांत जास्त आहे, हे सरकारी श्रमशक्ती पाहणीतून वर्षानुवर्षे दिसते. याचा अर्थ शिक्षण वाया जाते असा नाही. ज्याला रिकामे बसणे परवडत नाही तो मिळेल ते काम करतो, आणि शिकलेला माणूस योग्य कामाची वाट पाहतो, हे त्याचे मोठे कारण आहे. परंतु नुसती पदवी हातात आली की नोकरी चालत येईल, असे आश्वासन मात्र कोणालाही देऊ नये.

दाखल्याकडे जाण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतात. ज्यांना वाचता-लिहिता येत नाही अशा पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी केंद्र पुरस्कृत नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे; त्यालाच उल्लास म्हणतात आणि तो २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव नोंदवता येते, शिकवण्याचे काम स्वयंसेवक करतात आणि शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० अशी एकूण १५० गुणांची चाचणी होते. तिथून पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मुक्त मूलभूत शिक्षणाचा मार्ग आहे. त्याचे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. थेट दहावीला बसायचे असेल, तर राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठी असलेला अर्ज भरावा लागतो, ज्याला सगळे जण '१७ नंबरचा फॉर्म' म्हणून ओळखतात. मुंबई-पुण्यात काम करून शिकणाऱ्यांसाठी रात्रशाळा आहेत. शिक्षक समोर असल्याशिवाय ज्यांचा अभ्यास होत नाही त्यांनी तोच मार्ग धरावा असे माझे स्पष्ट मत आहे.

यांपैकी कोणताही अर्ज भरताना घोडे अडते ते कागदपत्रांवर, आणि बायकांच्या बाबतीत विशेष करून नावावर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, बँकेच्या पासबुकावर तिसरेच काही तरी, असा प्रकार सर्रास आढळतो. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेत जाऊन दुसरी प्रत मागावी लागते आणि शाळेचे जुने रजिस्टर शोधायला वेळ लागतो. हे काम अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर करू नये. अभ्यास सुरू करण्याच्या दिवशीच सर्व कागद एका पिशवीत गोळा करावेत, नावांतला फरक तपासावा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नावबदल यांपैकी काय चालेल, हे संबंधित केंद्रावर लेखी विचारून घ्यावे.

वर्ग चालवताना

वेळ शिकणाऱ्यांनी ठरवावी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची होती, त्याचे कारण आजही बदललेले नाही. आमच्याकडे दुपारी तीन ते साडेचार ही वेळ बायकांना जमली, कारण भांडी आटोपलेली असतात आणि पाणी यायचे असते. दुसऱ्या वस्तीत रात्री नऊ ही वेळ ठरली. जागा शाळेतच असावी असे नाही. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, कोणाची तरी ओसरी, काहीही चालते. उजेड मात्र भरपूर हवा.

उजेडाच्या जोडीला चष्मा. हे मी मुद्दाम वेगळे सांगतो. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, हे सर्वांना माहीत आहे, पण ज्या बाईने आयुष्यात कधी पुस्तक हातात धरले नाही तिला आपल्याला जवळचे दिसत नाही, हे कळण्याचा प्रसंगच येत नाही. सुईत दोरा नातीकडून ओवून घेतला की झाले. अशी बाई वर्गात बसते, पाटीवरची अक्षरे तिला पुसट दिसतात आणि दोन आठवड्यांनी "माझ्या डोक्यात काही शिरत नाही" असे म्हणून ती घरी बसते. पहिल्या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्वांचे डोळे तपासून घ्यावेत. आमच्या पहिल्या वर्गातून गळालेल्या नऊ जणींपैकी पाच जणी नुसत्या चष्म्याने परत आल्या.

शिकवण्याची सुरुवात मुळाक्षरांच्या तक्त्यापासून करू नये. अ पासून ज्ञ पर्यंत घोकण्यात महिने जातात आणि वाचल्यासारखे काहीच वाटत नाही. सारख्या वळणाची, सोपी अक्षरे आधी घ्यावीत. ग म भ न हा आपल्या जुन्या शिक्षकांचा क्रम उगीच पडलेला नाही. चार-पाच अक्षरे आली की लगेच शब्द करावेत: नग, मन, गगन. दुसऱ्या आठवड्यात काना द्यावा, म्हणजे मामा, गाना, भाग असे शब्द वाचता येतात आणि चेहरा फुलतो. आकडे पहिल्या दिवसापासून समांतर चालवावेत, कारण संख्या डोक्यात आधीच आहेत, फक्त खुणा शिकायच्या आहेत. देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही पद्धतींचे अंक शिकवावेत. एसटीच्या पाटीवर एक दिसतात आणि मोबाईलवर दुसरे.

मोठ्या माणसांना चुकण्याची लाज फार असते. सुनेने सासूसमोर फळ्यावर जावे, अशी अपेक्षा पहिल्या महिन्यात धरू नये. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेत साठी-सत्तरीच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन येऊ लागल्या. गणवेश हा तिथे केवळ शोभेचा भाग नव्हता. सगळ्या सारख्याच दिसल्या की एकटीला अवघडल्यासारखे वाटत नाही.

घरातल्या मुलांच्या अभ्यासाशी सांगड

आईच्या शिक्षणाचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा एक अभ्यास पाकिस्तानी पंजाबातल्या खेड्यांत झाला होता. तिथल्या बहुसंख्य आया शाळेत गेलेल्याच नव्हत्या. ज्या थोड्या आया काही इयत्ता शिकल्या होत्या त्यांची मुले घरी अभ्यासासाठी दररोज ७२ मिनिटे अधिक देत होती आणि त्यांचे गुणही चांगले होते. दुसरा अभ्यास आपल्या देशातला, राजस्थानातील अजमेर आणि बिहारमधील पूर्णिया या जिल्ह्यांतला आहे. तिथे काही गावांत आयांसाठी साक्षरता वर्ग घेतले, काही गावांत मुलांच्या अभ्यासात कसे लक्ष घालावे हे आयांना घरी जाऊन शिकवले आणि काही गावांत दोन्ही केले. आया आणि मुले दोघांचीही प्रगती झाली, ती मोठी नव्हती पण निश्चित होती, आणि आयांना सर्वाधिक लाभ दोन्ही एकत्र केले तिथे झाला. म्हणून आईचा वर्ग आणि मुलाचा अभ्यास ही दोन कामे वेगळी ठेवू नयेत.

प्रत्यक्षात हे असे करावे. रात्री जेवणानंतर वीस मिनिटे टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून आई आणि मूल यांनी एकाच पुस्तकाशी बसावे. मुलाने मोठ्याने वाचावे, आईने बोट ठेवून पाहावे आणि वाचून झाल्यावर "मग काय झालं?" असे विचारावे. हा प्रश्न विचारायला अक्षर यावे लागत नाही, आणि मुलाला समजून वाचायला लावणारा यापेक्षा चांगला प्रश्न मला माहीत नाही. शनिवारी आईने मुलाच्या वह्या उघडून तारखा पाहाव्यात. शेवटची तारीख दहा दिवसांपूर्वीची असेल तर शाळेत जाऊन विचारावे. पालकसभेला जाताना तिने स्वतः सही करावी आणि ती मुलाने पाहावी. मात्र मुलाला आईचा मास्तर करू नये. आठ-दहा वर्षांचे पोर "एवढंही येत नाही?" असे सहज बोलून जाते आणि ते आईच्या मनाला लागते. वडिलांनीही या वीस मिनिटांत तिथे बसावे. त्यांनी भांडी विसळायला घेतली, तरी बाईला वेळ मिळतो, आणि वेळ हीच तिची खरी अडचण असते.

शिकलेले टिकवण्यासाठी वाचायला काही तरी रोज हाती लागले पाहिजे. चाचणी झाली, प्रमाणपत्र मिळाले आणि पुस्तक कपाटात गेले की वर्ष-दोन वर्षांत अक्षरे पुसली जातात. गावात सार्वजनिक वाचनालय असेल, तर तिथे नाव घालावे. मोबाईलवर आवाजी निरोप पाठवण्याची सवय झालेल्यांनी माहेरी निदान एक ओळ टाइप करून पाठवावी. बचत गटाचे इतिवृत्त आळीपाळीने प्रत्येकीने वाचून दाखवावे.

स्थलांतर करणाऱ्या वस्त्यांत वर्गाचे वेळापत्रक हंगामाशी बांधावे लागते. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, म्हणून जूनपासून दसऱ्यापर्यंतचे चार महिने हातात असतात आणि त्यात आकडे, तारखा, नाव-पत्ता आणि सोपे वाचन एवढे बसवावे. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकीला दोनशे पानी वही, दोन पेने आणि चष्म्याची डबी द्यावी. वहीत तारीख, टन, घेतलेले पैसे आणि खाडा असे चार रकाने आपणच आखून द्यावेत, आणि पहिली ओळ तिच्या हातून तिथेच लिहून घ्यावी. उन्हाळ्यात ती परत आली की वर्गाच्या पहिल्या दिवशी नवे पुस्तक काढू नये; तीच वही वाचायला घ्यावी.